माहेरची खोट

चंद्रभागाबाईनं एकदा मनात घेतलं की ते झालंच म्हणून समजा. नवरा गेला तेव्हा अभिमन्यू दुसरीत होता आणि रोहिणी अंगावर पीत होती. गाव म्हणालं, ही आता वळकटी बांधून माहेरी जाऊन पडणार. कशाची पडते! वडवणीच्या अलीकडं चार एकर माळरान होतं, ते तिनं कसलं, आणि दिवाळी झाली की पोरं भावाच्या घरी ठेवून ऊसतोडीला जायची. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. ही बाई कित्येक हंगाम अर्धा कोयता म्हणून गेली आणि पुऱ्या कोयत्याएवढा ऊस पाडून आली. त्यामुळं यंदा टोळ्या कारखान्यावरून गावाकडं परतल्या आणि चंद्रभागाबाईनं उंबऱ्यात उभं राहून सांगितलं की अभिमन्यूला दुसरी करायची, तेव्हा ते होणार याबद्दल गावात कुणाला शंका उरली नाही.

आता पहिली कुठं गेली नव्हती, घरातच होती. मंगल तिचं नाव. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. फडात नवऱ्याच्या बरोबरीनं मोळ्या वाहायची, घरी आली की चूल, जनावरं, सासूचे दुखरे गुडघे, सगळं तिच्याच गळ्यात. पण मांडीवर लेकरू नाही. चंद्रभागाबाई सासू म्हणून काही राक्षसीण नव्हती हो. तिनं उपाय केले, आणि उपायांनीच त्या पोरीचा जीव काढला. दवाखान्यात नेऊन पिशवी धुवून आणली, एका वैदूची भुकटी खाऊ घातली, त्या भुकटीनं मंगलच्या अंगभर फोड उठले. ते बरे होतात न होतात तोच नारायणगडाला अनवाणी चालवलं. अभिमन्यूला मात्र साधी सुई टोचावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि यावं तरी कशाला? गडी उभा राहिला की दार भरायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्याकडं रीतच आहे, पण इथं चोर कोण, हे बघायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नव्हते.

स्थळ आणलं सुंदररावांनी. हे चंद्रभागाबाईचे थोरले भाऊ, तिचे अण्णा. माजी सरपंच, टोळ्यांचे मुकादम, कपड्याची इस्त्री कधी मोडायची नाही. विधवा बहिणीच्या पाठीशी जन्मभर भिंतीसारखा उभा राहिलेला माणूस. रोहिणीला बीडला कॉलेजात घातलं ते त्यांनीच. चंद्रभागाबाईला देव एक आणि अण्णा दुसरा. त्यांनी हरिबा नावाच्या एका गरिबाची नुकती बारावी झालेली पोरगी शोधली आणि सुपारी फोडायचं ठरवून टाकलं. सुपारी फुटली की शब्द पक्का, मग मागं फिरायची सोय नाही. त्याच्या आत मंगलनं स्टॅम्पावर सोडचिठ्ठीची सही करायची आणि बापाकडं निघून जायचं.

मंगलनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी थापून झाल्यावर हात धुतले आणि पुण्याला नणंदेला फोन लावला.

रोहिणी पुण्याला एका संशोधन संस्थेत होती. ती तिथं काय करते असं कुणी विचारलं की चंद्रभागाबाईचं तोंड कडू व्हायचं. कुणाची लेक तलाठी झाली, कुणाची फौजदार झाली, आणि हिची लेक उंदीर पाळते! ज्या उंदरांनी कणगीतली ज्वारी खाऊन जीव नकोसा केला, त्यांना म्हणे पुण्यात गार हवेच्या खोलीत ठेवतात आणि त्यांच्याजवळ जायचं तर अंगावरचे कपडे बदलावे लागतात. पाहुण्यांना ती नुसतं 'दवाखान्यातलं काय तरी शिकती' एवढंच सांगायची.

रोहिणी दुसऱ्याच दिवशी आली. पिशवी खाली ठेवली, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला आणि म्हणाली, "माय, अभिदादाला तपासलंय का?"

"त्याला कावून तपासायचं? त्याला काय झालंय? मिशीला पीळ बघ कसा हाय."

"मिशीतून लेकरू होत न्हाई, माय."

चुलीपाशी बसलेल्या मंगलला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं, पण सासूनं बघायचं ते बघितलंच.

"तू मला शिकवू नको," चंद्रभागाबाई कडाडली. "उंदरं राखून राखून तुझं डोकं फिरलंय."

"उंदरांचंच सांगते, ऐक." रोहिणीनं तिच्यासमोर फतकल मारली. "आमच्या पिंजऱ्यात एक नर असतो. धट्टाकट्टा, चकाकणारा. दुसऱ्या नरांशी भांडतो, मादीला लागतो. सकाळी मादी बघितली की आमाला कळतं, नर लागलाय. पर पिल्लं न्हाईत. कधीच न्हाईत. कारण त्याच्या एका जनुकात खोट असती. आमीच मुद्दाम केलेली. बाकी अंगाला काय बी धाड न्हाई, फक्त बी तयार व्हायचं काम अर्ध्यात थांबतं. तसलीच खोट काही माणसांत सापडली हाय, म्हणून तर उंदरांत बघतो आमी."

"जनुक का फिनुक..."

"आईबापाकडून उतरतं ते. तुझं नाक माझ्या तोंडावर आलंय, तसं."

चंद्रभागाबाईनं हात झटकला, पण ती शेळ्या-गुरं राखलेली बाई होती, तिला गप्प बसवेना. "मग खोट नरात हाय का मादीत, हे कसं वळखता?"

"जोडी बदलतो. त्या नराला दुसरी मादी द्यायची आन् त्याची मादी दुसऱ्या नराजवळ ठेवायची. तिला तिकडं पिल्लं झाली की कळलं, मादी चांगली हाय."

चंद्रभागाबाईनं मांडीवर थाप मारली. "मग! आमी काय येगळं करतोय? दुसरी मादीच देतोय की! एवढी शिकलीस आन् शेवटी माझ्याच वळणावर आलीस ना?"

रोहिणी चिडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "आपल्या घरात ते आधीच करून झालंय, माय. मामाला दुसरी दिली. वनमालामामीला झालं का काय? न्हाई. आन् पहिल्या छबूमामीला?"

चंद्रभागाबाई चुलीकडं वळली.

छबूबाई ही सुंदररावांची पहिली बायको. पाच वर्षं नांदली, मूल झालं नाही, घालवून दिली. तिच्या बापानं धारूरला एका बिजवराशी तिचा पाट लावला, आणि तिथं तिला वर्ष-दीड वर्षात पोरगा झाला. पाठोपाठ दुसरा. सुंदररावांच्या घरी तेव्हा असं ठरलं की छबूनं नारायणगडाला नवस बोलला होता, तो पावला. जो देव पाच वर्षं ऐकत नव्हता त्याला घर बदलल्याबरोबर कसं ऐकू आलं, हे कुणी विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि ती नवसाची गोष्ट पाणवठ्यावर, लग्नाकार्यात, बाजारात ज्या तोंडानं पसरवली ते तोंड चंद्रभागाबाईचंच होतं.

"मंगल, भाकर जळती!" ती ओरडली. भाकर जळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते म्हणून सांगून ती यष्टीनं धारूरला गेली. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर छबूबाईच्या नवऱ्याचं दावी-कासऱ्यांचं दुकान होतं. गल्ल्यावर एक जवान पोरगा बसला होता, हनुवटी थेट छबूबाईची. तो आईला हाक मारायला आत गेला. छबूबाई बाहेर आली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि पहिला शब्द काय बोलली? "चंद्रा? कोण मेलं गं?"

"कोणी न्हाई मेलं, वैनी. च्या तर पाज."

चहा आला. चंद्रभागाबाईला आडपडदा कधी जमलाच नाही. "एकच इचारायला आलेय. नारायणगडाचा नवस कधी फेडलास?"

"कसला नवस?"

"पोरासाठी बोललीवतीस तो."

"मला काय येडं कुत्रं चावलंवतं?" छबूबाईनं कप खाली आपटला. "तुमी मला घालवलं तवा मी देवाचं नावच टाकलंवतं. इथं आले, नांदले, दिवस गेले. बास. कोण बोललं नवसाचं?"

मीच, असं म्हणायला चंद्रभागाबाईची जीभ उचलेना. तिनं उकळता चहा तसाच घोटला आणि सगळं सांगून टाकलं. मंगलचं, अभिमन्यूचं, हरिबाच्या पोरीचं, सुपारीचं.

छबूबाईनं रिकामे कप उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "तुझ्या भावाला मी एकदा म्हणालेवते, आपून दोघंबी डाक्टरला दाखवू. थोबाडीत बसली माझ्या. ते जाऊ दे, त्याचं मला आता काय बी वाटत न्हाई. पर तुमी मला काढून दिलं त्या दिवशी यष्टीत मी तोंड झाकून बसलेवते, चंद्रा. बाईमाणसानं मला बघू ने म्हणून. मी चांगली हाय, हे कळायला मला लेकरू व्हावं लागलं. त्या पोरीला तसं धाडू नको. धाडायचीच असंल तर खरं सांगून धाड."

परतीच्या गाडीत चंद्रभागाबाईला भडभडून आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिनं शेजारच्या बाईशी खिडकीवरून भांडण उकरून काढलं आणि वडवणी येईपर्यंत पुरवून पुरवून भांडली.

घरी पाय ठेवला तो सरळ अभिमन्यूसमोर. "उद्या बीडला चल. तपासून घ्यायचं."

"मी काय उंदीर हाय?" अभिमन्यू भडकला.

"उंदीर असतास तर बरं झालं असतं. महिन्यात निकाल लागला असता. नऊ वर्षं त्या पोरीला भुकटी चारत बसले नसते मी."

त्यानं दोन वेळा जेवण टाकलं. चंद्रभागाबाईनं तिसऱ्या वेळेला स्वतःचंही टाकलं, आणि आई उपाशी बसली की हा पठ्ठ्या विरघळतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. बीडला तपासणीच्या खोलीबाहेर डबी हातात घेऊन तो बाकड्यावर बसला तो बसलाच. शेवटी हिचा तोल सुटला. "अरे, जा की आत! ती एवढ्यांदा गेली, तुला एकदा जायला लाज वाटती?" सगळा दवाखाना वळून बघायला लागला, आणि तो लाजेनंच आत पळाला.

त्यात बी नव्हतंच. एकही नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मग रोहिणीनं दोघांना पुण्याला बोलावून मोठ्या दवाखान्यात रक्त द्यायला लावलं, लेकाचं आणि आईचंही. इकडं सुंदरराव सुपारीसाठी घाई करत होते; चंद्रभागाबाईनं कधी गुडघे पुढं केले, कधी अमावस्या, आणि महिनाभर ढकलत नेलं.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. खोट जनुकातच निघाली, आणि ते जनुक अशा धाग्यावर होतं जो लेकाला फक्त आईकडून मिळतो. बाईकडं तसले दोन धागे असतात, एक खोटा निघाला तर दुसरा भागवून नेतो, म्हणून आईला काही कळतही नाही. लेकाकडं एकच. ही खोट मामातही असू शकते, कारण ती आजीकडून आली असणार. रोहिणीतही असू शकते. तिनं स्वतःचं रक्त आधीच देऊन ठेवलं होतं. अभिमन्यूला स्वतःच्या बीजाचं मूल होण्याची आशा जवळजवळ नाही, दुसऱ्याचं बीज घेता येईल, दत्तक घेता येईल. आणि मंगलच्या आजवरच्या तपासण्यांत कुठंच काही वावगं नव्हतं.

"म्हंजी माझ्यातून आलं," चंद्रभागाबाई म्हणाली.

"त्यात तुमचा दोष नाही हो, आजी."

"न्हाई कसा? तिच्यात हाय म्हणत व्हतो तवा तो दोषच व्हता की."

गाडीत अभिमन्यू तोंड फिरवून बसला होता. जामखेड मागं पडल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटला. "माय, मंगलला सांगू नको. छबूमामीवाणी जाईल ती. तिला दुसरीकडं लेकरं व्हतील. मग मी काय करू?"

"मग सुपारीला हो कावून म्हणालास, मेल्या?"

"तू म्हणालीस म्हणून."

त्याच्या एक कानशिलात द्यावी आणि त्याला पोटाशीही धरावं, असं तिला एकाच वेळी वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. तिला पहिल्यांदाच भीती वाटली होती. बोलली नाही तर मंगल वांझपणाचा शिक्का घेऊन बापाच्या दारात जाणार. बोलली तर मंगल ताठ मानेनं जाणार, आणि तिचा लेक जन्माचा एकटा पडणार. जायचं तर दोन्हीकडून मंगलच.

सुपारीच्या आदल्या दिवशी ती माहेरी गेली आणि अण्णांना माडीवर गाठून सगळं सांगितलं. ते संतापतील, उठून जातील, असं तिला वाटलं होतं. सुंदरराव शांतपणे पानाला चुना लावत राहिले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "छबूला पहिला पोरगा झाला, त्याच दिवशी कळलं मला."

"आन् मग वनमाला आणली ती?"

"ती आधीच आलीवती. काय उपाशी मेली का माझ्या घरात? सोन्यानं मढवलीय. चंद्रे, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या सुपारी फुटंल, नवी पोर येईल, लोक तिच्या पोटाकडं बघतील. तुझ्या लेकाकडं कोणी बघणार न्हाई. माझ्याकडंबी न्हाई. तेवढ्यासाठीच जुळवलंय मी हे."

ज्या माणसाच्या पुण्याईवर तिची दोन लेकरं वाढली तो माणूस हे बोलत होता. ती जिना उतरून खाली आली. वनमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नणंदेपुढं पाण्याचा तांब्या केला. चंद्रभागाबाईला तिच्या तोंडाकडं बघवेना.

सकाळी रोहिणीचा फोन आला. "माय, मी येऊ का?"

"नको. तू तुझ्या उंदरांकडं बघ. हितलं मी बघते."

अंगणात सतरंज्या पडल्या. पाहुणे बसले. हरिबा नवा फेटा बांधून, अंग चोरून बसला होता. आणि आत चहा कोण करत होतं? मंगल. जिच्या जागेवर दुसरी आणायची, तिनंच त्यांच्यासाठी आलं ठेचायचं! संध्याकाळी सही करायची असं तिला सांगून ठेवलेलं होतं. ताटात नारळ, हळदकुंकू, सुपारी मांडली. सुंदरराव अभिमन्यूच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हं, फोडा."

चंद्रभागाबाई बायकांतून उठली, पुरुषांच्या बैठकीत आली आणि तिनं ताटावर हात ठेवला. "न्हाई फोडायची."

"चंद्रे, आत जा," सुंदरराव म्हणाले.

"जाते. एवढं बोलून जाते." तिचा आवाज फडातल्यासारखा खणखणीत होता. "हरिबा भाऊ, तुझ्या पोरीला ह्या घरात लेकरू व्हायचं न्हाई. मंगलला झालं न्हाई ते मंगलमुळं न्हाई. खोट माझ्या लेकात हाय, आन् त्याला ती माझ्याकडून आली. माझ्या माहेरची हाय ती. बीडला तपासलं, पुण्याला तपासलं. नऊ वर्षं मी ह्या पोरीला वांझ म्हणाले. माझं चुकलं. सगळ्यांनी ऐका, मी चुकले."

 अभिमन्यूनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. 'माहेरची' म्हटल्याबरोबर पाचपन्नास डोळे सुंदररावांकडं वळले, आणि त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"असं व्हय?" ते उठले. "मग ठिवती कशाला तिला? धाड की दुसऱ्याच्या घरी, छबूसारखी! होऊ दे तिला लेकरं. बघ तुझ्या लेकाचा तमाशा."

ही गोष्ट बोलली की बहीण गप्प होणार, असा त्यांचा हिशेब. चंद्रभागाबाईला घाव बसला, सगळ्यांना तो दिसला. तिनं अभिमन्यूकडं बघितलं. मग म्हणाली, "तिला जायचं असंल तर धाडीन. मीच पाट लावून देईन, लेकीसारखा. पर तिच्या मनाविरुद्ध सोडचिठ्ठीवर सही घेऊ देणार न्हाई मी. आन् ती रडत जाणार न्हाई."

हरिबा उठला. "मला कोणी काय सांगितलंच नव्हतं, बाई," एवढंच म्हणाला, तिला हात जोडले आणि फेटा सावरत झपाझपा निघाला. पोर वाचली म्हणून आनंद झालाय की स्थळ गेलं म्हणून दुःख, त्याचं त्यालाच कळत नव्हतं बहुतेक.

सुंदरराव फाटकापाशी थांबले. "आजपासून तुला भाऊ न्हाई. माझ्या दारात पाय ठिवू नको."

"अण्णा!" ती ओरडली. ते वळले नाहीत. तिथंच मातीत बसून ती मोठ्यानं रडली, नवरा गेला तेव्हा रडली नव्हती तशी. माहेर तुटलं की बाईमाणसाला काय उरतं, हे ज्याचं तुटलं त्यालाच ठाऊक.

पाहुणे पांगले. मंगल चहाची किटली घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. किटली खाली ठेवून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमाला कधीपासून ठावं?"

"बीडला गेलतो तवापासून."

"महिना झाला की! महिनाभर माझ्या हातची भाकर खाल्ली, आन् मला सांगितलं न्हाई?"

"तू जाशील म्हणून," अभिमन्यू म्हणाला. एवढा आडदांड गडी, पण आवाज फाटला.

"आन् मला घालवायला निघालेवते ते?" मंगल म्हणाली. "माझ्या अंगावर फोड उठले तवा तुमी शेजारी निजलेवते. मी अनवाणी चालले तवा तुमी मोटारसायकलवर व्हते. मला त्या खोटेचं काय बी वाटत न्हाई. कोणात बी असती. पर तुमी गप्प बसलात, त्याची मला घाण वाटती."

चंद्रभागाबाई मधे बोलायला गेली. मंगलनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आत्याबाई, तुमी खरं बोललात. तुमच्या माहेरावर पाणी सोडून बोललात, ते बघितलं मी. पर माफ न्हाई केलं अजून."

"नको करू," सासू म्हणाली.

"तू म्हणशील ते करतो," अभिमन्यू म्हणाला.

"मग माझ्या बापाला सांगा. तुमच्या तोंडानं, त्याच्या दारात. मग मी बघते, जायचं का ऱ्हायचं ते."

अभिमन्यू उठला. त्यानं मोटारसायकल काढली, मंगल मागं बसली, आणि चंद्रभागाबाई पदर खोचून तिसरी चढली. "मीबी येते. खोट माझी हाय." कुणी तिला उतर म्हणालं नाही. एवढं होऊनही ती गाडी रस्त्यानं निघाली तेव्हा बघणाऱ्याला हसूच आलं असतं, असे ते तिघं एकमेकांवर रेलले होते.

मंगलचा बाप धर्मराज डोंगराच्या कडेला एका वस्तीवर राहायचा. नऊ वर्षं हा माणूस व्याह्यांपुढं वाकत आला होता. दर दिवाळीला जावयाला कापडं करायचा, वर कोंबडं द्यायचा, आणि पोरीच्या चुकीची माफी मागायचा. तिघं गाडीवरून उतरताना त्यानं बघितलं आणि त्याला वाटलं, आली, पोरगी परत आणून सोडली. तो धावतच आला, हात जोडलेले. "व्याहीणबाई, पदरात घ्या. अजून एक वरीस बघा. मी पाया पडतो."

"आबा, हात खाली घ्या," अभिमन्यू म्हणाला. त्याला घाम फुटला होता. शेजारपाजारचे लोक दारात आले होते, तरी तो थांबला नाही. "मंगल चांगली हाय. खोट माझ्यात हाय. लेकरू माझ्यामुळं न्हाई. आमी तुमाला नऊ वर्षं उगंच वाकवलं. मला तुमच्या पोरीबरोबर ऱ्हायचंय. ती ऱ्हाईल का, तिला इचारा."

धर्मराजचे हात जोडलेलेच राहिले. ते सोडायचे कसे, हेच त्याला आठवेना. चंद्रभागाबाईनं पुढं होऊन त्याचे दोन्ही हात धरले, खाली केले, आणि स्वतः त्याच्यापुढं वाकली. व्याहीण व्याह्याच्या पाया पडते, हे त्या वस्तीनं आजवर बघितलं नव्हतं. धर्मराज लेकरासारखा रडायला लागला. रडत रडतच त्यानं मंगलला विचारलं, "बाई, येतीस का मग घरी? मला कमी न्हाई काय. येतीस का?"

मंगल नवऱ्याकडं बघत राहिली. तो तिच्याकडं बघत होता. आता त्याची मान खाली नव्हती. चंद्रभागाबाईनं डोळे मिटून घेतले, तिला ऐकायचं होतं, पण बघवत नव्हतं.

"येते की, आबा," मंगल म्हणाली. "दिवाळीला येते. सणाला, लेकी येतात तशी. आन् औंदा ह्यांना कापडं करू नका. मला साडी घ्या. चांगली भारीतली घ्या."